खात्यातल्या खात्यात

आमचं क्वार्टर ठाण्याच्या मागच्या भिंतीला लागून होतं. मध्ये फक्त एक बोळ, आणि त्यात ज्याने त्याने आपापलं सरपण रचून ठेवलेलं. ठाण्यात वायरलेसवर कोणी बोललं तर माझ्या चुलीपर्यंत ऐकू यायचं. आलापल्लीच्या बरंच पुढचा, जंगलातला भाग तो. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. ठाण्याभोवती वाळूच्या पोत्यांची भिंत होती आणि त्या भिंतीच्या आत आम्ही पाच-सहा कुटुंबं. आठवडी बाजाराच्या दिवशीच काय ते बाहेरचं माणूस दिसायचं.

हे शिपाई होते. सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातले, घरचा धंदा तलावातल्या मासोळीचा. सासऱ्यांनी जन्मभर डोंग्यात बसून जाळं टाकलं. घराण्यातली पहिली सरकारी नोकरी ह्यांची. भरतीची बातमी आली तेव्हा सासऱ्यांनी गावभर साखर वाटली होती, असं मला लग्नात ज्याने त्याने सांगितलं. हे स्वभावाने मऊ. गस्तीवरून आले की बूट काढायच्या आधी मुलीला उचलून घ्यायचे. पण 'नाही' म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. साहेबाला तर नाहीच.

साहेब म्हणजे आमच्या ठाण्याचे फौजदार. वयाने ह्यांच्यापेक्षा लहान, दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यातून आलेले. बोलायला गोड. ह्यांना 'दादा' म्हणायचे, मला 'वहिनी'. ते हाताखालच्या माणसांवर कधी आवाज चढवत नसत, हे मी आमच्या गावी कौतुकाने सांगितलं होतं.

हिवाळ्यातला बाजाराचा दिवस होता. दुपारी रस्त्यावर तपासणी चालली असताना एक माडिया आदिवासी माणूस सायकलवर तांदळाचे कट्टे बांधून नेताना सापडला. एका घराला लागतो त्यापेक्षा तांदूळ जास्त होता. आमच्याकडे नक्षलवाद्यांना कोणी त्या नावाने बोलत नसे, 'दादालोक' म्हणायचे. हा तांदूळ दादालोकांना चालला, असा संशय आला आणि त्याला ठाण्यात आणलं. तो सांगत होता, घरी लग्न आहे. मराठी त्याला मोडकंतोडकं यायचं.

मी अंगणात जवस निवडत होते. पहिलं ओरडणं ऐकलं आणि मुलीला आत घेऊन दार लावलं. शेजारच्या बाईने रेडिओचा आवाज वाढवला. ती नेहमीच तसं करायची. बऱ्याच वेळाने ओरडणं थांबलं आणि हे मागच्या दाराने आले.

"जुनं लुगडं असन तर दे फाडून," म्हणाले.

"काऊन? कोनाले लागलं?"

"दे ना तू."

मी दिलं. त्यांनी ते दाताने फाडलं आणि तसेच परत गेले. संध्याकाळी त्या माणसाचा भाऊ येऊन त्याला घेऊन गेला. सायकल भावाच्या हातात होती आणि तो स्वतः मागून चालत होता, एक हात छातीशी धरून. माझ्या लुगड्याची पट्टी मी फाटकातून ओळखली.

तो हात कोपरातून मोडला होता, हे आम्हाला नंतर कळलं. त्याच्या गावच्या आश्रमशाळेतल्या गुरुजींनी जिल्ह्याला अर्ज लिहून दिला. चंद्रपूरच्या एका पेपरात चार ओळी छापून आल्या. गुन्हा काही नोंदला गेला नाही. खात्यातल्या खात्यात बघू, असं वर ठरलं. आधी प्राथमिक चौकशी होणार होती. ती करायला एक साहेब येणार म्हटल्यावर आमचे फौजदार स्वतः आमच्या घरी आले. तोवर ते कधी उंबऱ्याच्या आत आले नव्हते. मी चहा केला.

"वहिनी, तुम्ही काळजी करू नका," ते म्हणाले. मग ह्यांच्याकडे वळले. "दादा, फक्त एवढंच सांगायचं. मी त्या वेळी बाजारात बंदोबस्ताला होतो. ठाण्यात अंमलदार तुम्ही. माणूस आला, विचारपूस केली, सोडून दिला. सायकलवरून पडला असेल. अर्ज फाईलबंद होतो मग."

"जी साहेब," हे म्हणाले.

"मी आहे ना. तुमच्यापर्यंत काही येऊ देणार नाही."

हे त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. परत येऊन म्हणाले, "साहेब मानूस चांगला आहे. घरी आला." ह्यांना त्याचं खरंच बरं वाटलं होतं.

ह्यांनी तसाच जबाब दिला. साहेब नव्हते, मी होतो. खाली सही केली. पण डॉक्टरच्या दाखल्यात लिहिलं होतं की ही इजा पडून झालेली नाही. म्हणजे कोणीतरी मारलं होतं. साहेब तर बाजारात होते, असं ह्यांनीच लिहून दिलं होतं. मग ठाण्यात उरलं कोण? महिन्याभरात ह्यांच्या निलंबनाचा आदेश आला. फौजदारांची त्याच सुमारास बदली झाली. जाताना ते भेटले नाहीत.

निलंबन म्हणजे घरी बसणं, असं मला वाटायचं. तसं नसतं. माणसाची नोकरी चालूच असते, फक्त त्यातलं मानाचं जे असेल ते काढून घेतात. पट्टा, बिल्ला, टोपी जमा करावी लागली. मुख्यालय बदललं, क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही जिल्ह्याच्या गावी एका खोलीत राहायला गेलो. ह्यांना रोज साध्या कपड्यात हजेरीला जावं लागायचं. सगळे वर्दीत रांगेत उभे आणि हे शर्टपँट घालून बाजूला. हजेरी घेणारा नाव पुकारायचा, हे 'हजर' म्हणायचे आणि परत यायचे. पगाराच्या जागी निम्मा निर्वाह भत्ता, तोही कधी वेळेवर नाही. मी ब्लाऊज शिवायला घेतले. पोलीस लाईनीतल्या बाया माझ्याकडे कापड टाकत नसत. एकीने स्पष्टच सांगितलं, "घरचे नाई म्हनतात वो. साहेब लोकायच्या डोळ्यात येते."

ह्यांच्या बाजूने बोलायला एक माणूस घ्यायची मुभा असते. आम्हाला एक निवृत्त जमादार भेटले. म्हातारे होते, दम्याचे. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बसवून सांगितलं, "पोरी, हे कोर्ट नोहे. कोर्टात शंका आली तर मानूस सुटते. इथी शंका आली तर मानूस जाते. आरोप खात्याचा, बाजू मांडनारा खात्याचा, निकाल लिहिनारा खात्याचा. आशा ठेव, पण लई ठेवू नको."

आरोपपत्र आलं. त्यात ह्यांच्यासाठी शब्द होता 'अपचारी'. खात्यातल्या आरोपीला तसं म्हणतात; मी तोवर हा शब्द ऐकला नव्हता. मुलगी तेव्हा वाचायला शिकत होती. तिने तो शब्द फोडून फोडून मोठ्याने वाचला आणि विचारलं, "बाबा, अपचारी म्हणजे काय?" हे म्हणाले, "माझा हुद्दा आहे."

मग तारखा सुरू झाल्या. तारीख लागायची आणि चौकशी करणारे उपअधीक्षक बंदोबस्तावर निघून जायचे. कधी मंत्री येणार, कधी निवडणूक, कधी जंगलात चकमक झालेली. एकदा भूसुरुंगाच्या स्फोटात ह्यांच्याच बॅचचा एक जण गेला. त्या दिवशी तारीख होती. ह्यांनी अंत्ययात्रेत मागे उभं राहून सॅल्यूट केला आणि कोणीतरी म्हणालं, "निलंबिताने सॅल्यूट करायचा नसतो." खरं-खोटं देव जाणे, पण हात खाली आला तो आला.

साक्षीदार म्हणून त्या माडिया माणसाला आणत. त्याच्या गावापर्यंत पोलिसांची जीप जायची, त्याला आणि त्याच्या बायकोला बसवून आणायची. तारीख झाली नाही तर तसंच परत. जाताना जीप असेलच असं नाही, कधी एसटीत बसवून द्यायचे आणि पुढे जंगलातून पायी.

एका तारखेला मी ह्यांच्याबरोबर गेले होते. आतमध्ये मला प्रवेश नव्हता. आवारातल्या चिंचेखाली बसले. तिथे एक बाई आधीच बसली होती. कपाळावर गोंदण, कमरेला मूल. मी तिला मुरमुरे दिले. तिने मुलाला भरवले, स्वतः खाल्ले नाहीत. जरा वेळाने तिने विचारलं, "तुझा मानूस आत हाय?"

"हो."

"पोलीस हाय?"

"हो. तुझा?"

"माझा त्या मोडल्या हाताचा."

मला उठून जावंसं वाटलं. पण जाणार कुठे, सावली तेवढीच होती. शेवटी मीच म्हणाले, "आत खुर्चीवर बसला आहे ना, तो माझा. त्याच्यावरच चौकशी आहे."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. असता तर मला सोपं गेलं असतं.

"तो नाई मारला," ती म्हणाली. "तो हात धरला. मारला तो दुसरा. गोरा, लहान वयाचा. साहेब."

"मग तसं सांग ना वो आत! तुझ्या माणसाला सांगायला सांग!"

"सांगतला तो. मागच्या खेपेला सांगतला. मारनारा साहेब होता मंतला. तं तो लिहिनारा विचारला, तो इथी हाय का? हा मंतला, नाई. तं म्हनते, इथी जो हाय त्याले दाखव." तिने मुलाच्या तोंडावरची माशी वारली. "तं दाखवला."

  थोड्या वेळाने शिपाई येऊन म्हणाला, आज चौकशीचे साहेब येत नाहीत, पुढची तारीख कळवू. तिचा नवरा बाहेर आला. त्याचा हात कोपरात वाकडा होऊन तसाच राहिला होता. तो दारात उभ्या असलेल्या ह्यांच्या अंगावरून गेला आणि सवयीने मान लववून 'जोहार' म्हणाला. हे भिंतीकडे बघत राहिले.

घरी जाताना मी रस्त्यातच विचारलं, "तुमी धरला त्याले?"

 हे थांबले.

"साहेब म्हणाले, धर. धरला."

"सोडता आलं नसतं?"

"आलं असतं," ते म्हणाले. "तो माह्याकडेच पाहत होता. त्याले वाटलं असन मी सोडीन."

इतके दिवस मी लोकांना सांगत होते, माझ्या माणसाने काही केलं नाही. त्या दिवसानंतर माझ्या तोंडून ते वाक्य निघेना. आणि त्यांनी जेवढं केलं तेवढ्याचीच शिक्षा त्यांना मिळो, असंही मला म्हणता येईना, कारण ते मोजायला तिथे कोणी बसलंच नव्हतं.

त्या आठवड्यात ह्यांनी ठरवलं की शेवटच्या जबाबात सगळं खरं सांगायचं. साहेब ठाण्यातच होते, काठी त्यांच्या हातात होती, हात मी धरला होता. जमादारभाऊंनी डोक्याला हात लावला. "असं सांगशीन तं तू स्वतःच कबूल होतोस गा. अन् साहेबाचं नाव घेतलं तं त्याचा पुरावा कुठून आनशीन?"

"पुरावा नाई," हे म्हणाले. "पन झालं तसंच."

आत काय झालं ते जमादारभाऊंनीच मला बाहेर येऊन सांगितलं. ह्यांनी सगळं सांगितलं. उपअधीक्षकांनी मध्ये अडवलं नाही. मग फाईल उलटी करून ह्यांचा पहिला जबाब काढला आणि वाचून दाखवला. 'फौजदार साहेब त्या वेळी ठाण्यात हजर नव्हते.'

"ही सही तुमची?"

"जी."

"मग तेव्हा खोटं बोललात की आता?"

"तेव्हा, साहेब."

"वरिष्ठांपुढे खोटा जबाब दिला, असं तुम्ही स्वतः म्हणता. हा आणखी एक कसूर झाला." मग त्यांनी लिहिणाऱ्याला पेन खाली ठेवायला सांगितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मी वीस वर्षं खात्यात आहे. काय झालं असेल ते मला कळत नाही असं नाही. पण माझ्यासमोर जे आहे त्यावरच मी लिहिणार. तुम्ही ते फार उशिरा समोर आणलंत."

फौजदारांनाही साक्षीला बोलावलं होतं. ते आले, इस्त्रीच्या वर्दीत. बाजारात होतो, म्हणाले. ठाण्याच्या डायरीत नोंदही तशीच होती, ती त्यांनीच केलेली. आवारात मी समोर आले तर त्यांनी विचारलं, "वहिनी, मुलगी काय म्हणते?" उत्तराची वाट न पाहता ते गाडीत बसले. पुढे त्यांना बढती मिळाल्याचं ऐकलं.

आरोप सिद्ध, असा अहवाल गेला. मग 'बडतर्फ का करू नये' अशी नोटीस. तिला उत्तर दिलं. उत्तर कोणी वाचलं असेल का, याची मला शंका आहे, कारण आदेशात त्यातल्या एकाही मुद्द्याचा उल्लेख नव्हता. 'खुलासा समाधानकारक नाही' एवढंच. आदेश हातात दिला तेव्हा हे हजेरीच्या रांगेजवळच उभे होते. नाव पुकारणाऱ्याने दुसऱ्या दिवशीही सवयीने त्यांचं नाव पुकारलं आणि मग जीभ चावली, असं कोणीतरी मला नंतर सांगितलं.

सासऱ्यांना सांगायला आम्ही गावी गेलो. ते तलावाच्या पाळीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "ज्यानं मारलं त्याची बी गेली का नोकरी?"

"नाई बाबा."

"अन् ज्याले लागलं त्याले काई भेटलं?"

"नाई."

"मंग चौकशी कायची झाली?"

 सासरे परत जाळ्यात बोटं घालून बसले. गावात त्यांनी पुढे कधी मुलाच्या नोकरीचा विषय काढला नाही, आणि लोक काढायला लागले की उठून जायचे.

आम्ही राजुऱ्याकडे गेलो. तिथे एका कोळसा खाणीच्या फाटकावर ठेकेदाराकडे चौकीदाराचं काम मिळालं. ठेकेदाराने खाकीच कापड दिलं. पहिल्या दिवशी हे ते घालून आरशासमोर उभे राहिले आणि काढून ठेवलं. मग पुन्हा घातलं, कारण त्याशिवाय कामावर घेत नव्हते. कोळशाची धूळ घरात, कपड्यांत, मुलीच्या केसांत. नागपूरला अपील केलं होतं. दोन वर्षांनी उत्तर आलं, हस्तक्षेप करण्यास कारण दिसत नाही. त्यावर शासनाकडे आणखी एक अर्ज करता येतो, असं जमादारभाऊंनी कळवलं होतं. तोही केला. त्याचं उत्तर येण्याआधी जमादारभाऊ वारले. तोही फेटाळला गेला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक दिवस हे म्हणाले, "मले त्याच्या गावाले जायचं आहे."

"जाऊन काय सांगाल?"

"ते तिथी गेल्यावर पाहू."

मी बरोबर गेले. एसटीने आलापल्ली, तिथून काळीपिवळी जीप, आणि मग जंगलातला कच्चा रस्ता पायी. मोहाचा हंगाम संपत आला होता आणि झाडांखालचा पाला जाळून लोकांनी जमीन स्वच्छ केली होती. गावात शिरलो तशी अंगणातली पोरं घरात पळाली. ह्यांच्या अंगावर साधा सदरा होता, पण चालण्यावरून त्यांना कळलं असावं. बाया दाराआड गेल्या. एक म्हातारा तेवढा बाजेवर बसून राहिला. त्याला उठवत नसावं.

"चौकशी हाय का पुन्हा?" त्याने विचारलं.

"नाई बाबा," हे म्हणाले. "मी आता पोलीस नाई. त्याले भेटाले आलो." आणि मोडलेल्या हाताची खूण केली.

"तो नाई. गेला. नदीपार, तेलगू मुलखात. बायको-लेकरं घेऊन गेला. मिरची तोडते तिकडं."

"केव्हा येईन?"

"येत नाई तो." म्हाताऱ्याने सावकाश सांगितलं. पोलिसांची जीप त्याला न्यायला सारखी यायची. गावात दुसऱ्या कोणाकडे पोलिसांची जीप येत नव्हती. मग एकदा जंगलातून दादालोक आले आणि विचारू लागले, तू घडीघडी पोलिसांकडे काऊन जातो, तिथं काय सांगतो. "हा मंतला, माझा हात मोडला पोलीस, त्याची चौकशी हाय. ते मंतले, हात मोडला पोलीस, अन् चौकशी बी पोलीसच करते? खोटा बोलतो तू. मंग रातोरात गेला. घर पाहा तिकडं."

घराच्या छपराचं कवेलू उतरून कोणीतरी नेलं होतं. मातीच्या भिंती पावसाने अर्ध्या खाली आल्या होत्या.

येताना वाटेत मी मनाशी कितीदा तरी ठरवलं होतं की तो शिव्या देईल, थुंकेल, कदाचित मारायला धावेल, आणि आपण गप्प उभं राहायचं. ह्यांनीही तेच ठरवलं असावं. त्यासाठी आम्ही दोघं तयार होऊन आलो होतो.

"त्याचा हात कसा आहे?" ह्यांनी विचारलं.

"हात तसाच," म्हातारा म्हणाला. "मिरची तोडाले एक हात पुरते."

त्याने आतल्या बाईला गोंडीत काहीतरी सांगितलं. दाराच्या फटीतून पाण्याचा तांब्या बाहेर आला. मी पाणी प्याले. ह्यांनी घेतलं नाही. थोडा वेळ ते पडक्या घरासमोर जाऊन उभे राहिले, आणि मी म्हाताऱ्याशी काहीतरी बोलायचं म्हणून पाऊसपाण्याचं विचारत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला ह्यांना फाटकावर हजर व्हायचं होतं आणि आलापल्लीहून शेवटची गाडी लवकर सुटायची, म्हणून आम्ही तिथे फार थांबलो नाही.